डावीकडे सव्वा इंच

१२ नोव्हेंबर, बुधवार

मापांच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरीच राहतात. तिथेच लिहितेय. पुढून गिऱ्हाइकं, मागून मी.

दुपारी शेवंती आली. कडेवर चार महिन्यांचं बाळ, हातात पिशवी. तिचं माहेर कोसबाडला, सासर इथे कासाला, म्हणून सुमनबाईंचं सगळं सामान तिच्याच हाती येतं. पिशवीत हिरवं रेशमी कापड आणि एक जुना पांढरा ब्लाउज, मापाचा.

"बाई बोलल्या, याच्यावरनं शीव. भाचीचं लगीन हाय तलासरीला, माघात."

मला हसू आलं. सुमनबाई म्हणजे ज्यांनी मला कात्री धरायला शिकवली त्या. कोसबाडच्या शिवणवर्गात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मापाचा ब्लाउज खोटं बोलतो. बाईला समोर उभी करा आणि टेप लावा." जिने नमुन्यावरून कापलं तिला सगळं उसवायला लावायच्या. मी दोनदा उसवलंय. आणि आता स्वतः नमुना पाठवतात! गेल्या वर्षीही पाठवलाच होता. सहासष्टाव्या वर्षी नियम बदलतात वाटतं.

नमुना टेबलावर पसरला तर वाकडा. डावी बाजू मोठी, उजवी लहान. बाईंच्या हातचा ब्लाउज आणि वाकडा? डोळे गेले असणार.

खडूचा डबा सोमवारी फोडला होता. आज त्यात तीनच उरलेत. कोपरा कुरतडायची सवय लागलीय. कोणी बघत नाही तोवर ठीक आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बाईंचा ब्लाउज कापला. कापड दुमडलं आणि पुढचे दोन्ही भाग एकदम कापले, नेहमीसारखे. उजवी बाजू खरी धरली. वाकड्या नमुन्यावरून वाकडा ब्लाउज शिवून पाठवला तर बाई मलाच उसवायला लावतील.

आज दुकानात कोण मेळा! निकीच्या शाळेचा ड्रेस पण आजच लांब करायचा होता. चौदाची झाली पण टेप लावली की खांदे पाडून उभी राहते. "ताठ राहा गं." "आई, हळू बोल ना!" मग माझ्या कानाशी येऊन विचारते, पाळी किती वर्षं येते? मी म्हटलं, माझी अजून चालू आहे, मला काय माहीत. शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातल्या जागृतीबेन तिकडून ओरडल्या, "मने पूछ ने!" त्यांची दोन वर्षांपूर्वी थांबली. आता नोव्हेंबरात खोक्याच्या झाकणाने वारा घेत बसतात. म्हणतात, "मने तो अंदर भट्ठी लागी छे." निकी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. हे पुढे आपल्यालाही होणार का, असा चेहरा.

माझा आज अकरावा दिवस. पुरे आता.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ब्लाउज परत आला! मी शिवलेला ब्लाउज परत येण्याची ही या वर्षातली पहिली वेळ. सोबत चिठ्ठी, बाईंचं अक्षर: "रंजना, डावा मुंढा काखेत दाटतो आहे. नमुन्याप्रमाणे शिव."

नमुन्याप्रमाणे! वीस वर्षं सगळ्यांना नमुन्याच्या नावाने शिव्या घातल्या आणि आता नमुन्याप्रमाणे. शेवंतीला विचारलं, बाईंची तब्येत कशी आहे? "बरी हाय." डोळे? "मना तर लांबनं वळखलं." मग डोळे गेलेले नाहीत.

जेवताना पण तेच डोक्यात. ह्यांना फोनवर सांगितलं (बोईसरलाच आहेत, या आठवड्यात रात्रपाळी). म्हणाले, "अगं, दे ना वाकडा शिवून. त्यांचा ब्लाउज, त्यांचं अंग." पुरुषांना काय कळतंय.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी पहिलं काम म्हणजे नमुना उलटा केला. आधीच करायला हवा होता. मी कसली टेलर?

डावीकडची आतली शिलाई उसवून बाहेर सरकवलीय. आतलं जास्तीचं कापड, आम्ही माया म्हणतो, ते संपेपर्यंत. तेवढं पुरलं नाही म्हणून काखेत चौकोनी जोड लावलाय. जोडाची टीप मशीनची नाही, हाताची. तीन बारीक टाके, मग एक लांब. ही बाईंची टीप. वर्गातल्या चाळीस मुलींच्यात ओळखू येईल. म्हणजे चुकून झालेलं नाही, मुद्दाम केलंय. उजवी बाजू मात्र तशीच आहे, हातही लावलेला नाही.

मोजलं. हुकपट्टीपासून काखेच्या शिवणीपर्यंत डावीकडे सव्वा इंच जास्त.

का?

बाई जाड झाल्या असत्या तर दोन्हीकडे सोडलं असतं. हात मोडला होता का कधी? पाठीला बाक आला तर खांदा उतरतो, पण मग उंचीत फरक पडतो, इथे नाही. आणि बाईंनी मशीनवर टीप का नाही मारली? त्यांचं पायमशीन अजून ठणठणीत आहे.

माझा चोंबडेपणा कमी व्हायला पाहिजे. होणार नाही.

१ डिसेंबर, सोमवार

आठवडाभर एक उद्योग केला. येईल त्या बाईचं डावं-उजवं वेगळं मोजलं. नेहमी आम्ही एकच आकडा लिहितो, गोल फिरवून. आता दोन. बायका विचारायच्या, "असं काय नवीन?" मी म्हणायची, नवीन फॅशन आहे.

सोळा जणी झाल्या. एकीचंही सारखं नाही! कुणाचं एक सूत कमीजास्त, कुणाचा पाव इंच. जागृतीबेनचा उजवा खांदा वर, शेवंतीची डावी कड खाली (बाळ तिकडेच असतं). मला इतकी वर्षं कळलंच नव्हतं की सरळ बाई कोणीच नसते, आम्ही शिवून शिवून सरळ करतो. मजा वाटली.

पण पाव इंचाच्या वर एकही नाही. सव्वा इंच कोणाचंच नाही.

३ डिसेंबर, बुधवार

शेवंती सकाळीच आली ती तापाने फणफणलेली. तीन दिवस दूध साचलेलं, एका बाजूला दगड झालाय, लाल. बाळाला पाजायला घेतलं की ओरडते. सासूने मीठ-मिरची ओवाळून टाकली. मी म्हटलं, ओवाळणं झालं ना, आता चल. दुकानाचं शटर अर्धं ओढलं, जागृतीबेनना लक्ष द्यायला सांगितलं आणि तिला घेऊन दवाखान्यात गेले. सरकारी, इथलाच.

तिथल्या सिस्टर फार चांगल्या. शेवंतीला बसवून, बाळ कसं लावायचं, गरम फडकं कसं, सगळं दाखवलं. त्याच बाजूने पाजत राहायचं म्हणाल्या, थांबवायचं नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. शेवंती विचारते, "बाळाला लागंल काय माझा ताप?" नाही लागणार. तिचा जीव भांड्यात पडला.

मी तोंड बंद ठेवायचं ठरवलं होतं तरी विचारलंच. सिस्टर, दगड झाला, दुखला म्हणून ही आली. आणि दुखलं नसतं तर?

सिस्टर म्हणाल्या, "तीच तर पंचाईत. दुखतं ते बाया घेऊन येतात. न दुखणारी गाठ घेऊन वर्ष वर्ष घरात बसतात. आणि काळजी तिचीच करायची असते."

मी विचारलं, त्याने ब्लाउज एकाच बाजूला घट्ट होईल का?

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कोणाचा?"

मी म्हटलं, कोणाचा नाही, असंच. त्या म्हणाल्या, "असंच असेल तर तिला लवकर पाठवा."

घरी येऊन खडू खाल्ला. अख्खा.

४ डिसेंबर, गुरुवार

गेल्या वर्षीची वही माळ्यावरून काढली. बाईंचं पान सापडलं. दिवाळीनंतर एक ब्लाउज, नमुन्यावरून. माझंच अक्षर:

"बाईंचा नमुना वाकडा (डा. अर्धा इं. जास्त). सरळ केला."

तीनदा वाचलं.

अर्धा इंच. गेल्या वर्षी. माझ्या हातात होतं, मी मोजलं होतं, लिहून ठेवलं होतं. आणि सरळ केला! वर शाबासकी दिली असेल स्वतःलाच. बाईंनी तो मिळाल्यावर गुपचूप हाताने उसवला असणार, जागा केली असणार. एका शब्दाने बोलल्या नाहीत. आणि मी एका शब्दाने विचारलं नाही.

बाईला समोर उभी करा. एवढंच तर शिकवलं होतं.

निकी विचारते, आई रडतेस का? म्हटलं, कांदा. घरात कांदा नव्हता.

७ डिसेंबर, रविवार

कोसबाड. जीपने डहाणू, तिथून रिक्षा. टेप पर्समध्ये. सांगितलं नव्हतं येतेय म्हणून.

बाई अंगणात चिकूची टोपली निवडत बसल्या होत्या. मी ओळखलंच नाही क्षणभर. केस कापलेत! मानेपर्यंत. तो अंबाडा, ज्यात त्या खडूपेन्सिल खोचायच्या, तो नाही.

"केस, बाई?"

"उकडतं."

डिसेंबरात. आणि चहाचं आधण ठेवायला फळीवरचा डबा काढला तो उजव्या हाताने, टाचा उंचावून. डबा डावीकडे होता. डावा हात पोटाशीच. मग मला कळलं की अंबाडा का नाही. हात वर जात नाही. मशीनवर कापड सरकवायलाही जात नसेल.

चहा झाला. मी टेप काढली.

"टेप कशाला आणलीस?"

"माप घ्यायला. डाव्या बाजूला काय झालंय बाई?"

"वय झालंय."

"वय एकाच बाजूला होतं का?"

बाईंनी चिकू निवडायला घेतले. मग म्हणाल्या, "लग्न होऊन जाऊ दे माघातलं. पोरीला आई नाही. मग बघू."

"गेल्या वर्षीपासून आहे. गेल्या वर्षी अर्धा इंच होता."

"तुला कोणी सांगितलं?"

"वहीने."

मग मी ओरडले. बाईंवर, जन्मात पहिल्यांदा. काय काय बोलले, आठवत नाही धड. मी सरळ केला तेव्हा मला का नाही विचारलंत, एक चिठ्ठी पाठवायची होती, आम्ही सगळ्या मेलो होतो का. बाई शांतपणे म्हणाल्या, "हळू. शेजारी ऐकतील." मग म्हणाल्या, "मुंबईला न्या म्हणतील. कोणाबरोबर जाऊ? भावाचं घर लग्नात. आणि रंजे, मी आजवर कोणासमोर ब्लाउज काढलेला नाही. दुसऱ्यांची मापं घेतली आयुष्यभर. माझं कोणी घेतलं नाही."

मी टेप बोटांभोवती गुंडाळत बसले.

तेवढ्यात बाई माझ्याकडे रोखून बघायला लागल्या, वर्गातल्यासारखं. "तुझा हा ब्लाउज कधीचा?"

"या दिवाळीचा."

"मग खांद्यावरून का उतरतोय? कोणत्या मापाने कापलास?"

जुन्या ब्लाउजवरून कापला होता. तो त्याच्या आधीच्या ब्लाउजवरून. वहीत सगळ्या कासाची पानं आहेत, माझं नाही.

बाईंनी माझ्याच हातातली टेप घेतली. एक टोक मला धरायला लावलं, उजव्या हाताने फिरवली. "दोन इंच उतरलीस." नखं बघितली. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. "पाळी?"

सांगितलं. गणपतीपासून असंच, बारा दिवस, तेरा दिवस, मधे आठवडाभर सुटका. जिना चढले की धाप.

"आणि मला शिकवायला आलीस होय."

शेवटी ठरलं ते असं: मी डॉक्टरांना दाखवलं तर त्या दाखवतील. शुक्रवारी, डहाणूला. शाळकरी पोरींसारखं, तू आधी, नाही तू आधी. शपथ पण घ्यायला लावली त्यांनी.

१२ डिसेंबर, शुक्रवार

थोडक्यात लिहिते, दमलेय.

आधी मी, ठरल्याप्रमाणे. डॉक्टरीणबाई तरुण, पण घाई नव्हती त्यांना. पोट तपासलं, रक्त घेतलं. मग विचारतात, "माती, राख, खडू असलं काही खावंसं वाटतं का?"

हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही!

"रक्त कमी झालं की वाटतं असं बऱ्याच जणींना," त्या म्हणाल्या. मागे बाई बसल्या होत्या, त्या खो खो हसायला लागल्या. "वर्गात पण खडू कमी पडायचे, आता कळलं." साफ खोटं. तेव्हा नव्हते खात.

हिमोग्लोबिन सात. लाल गोळ्या, आणि गर्भाशयात काय आहे ते बघायला सोनोग्राफी. एवढं रक्त जाणं वयाचं म्हणून सोडून द्यायचं नाही, म्हणाल्या. मी सोडूनच दिलं होतं.

मग बाई. पडद्यामागे गेल्या आणि लगेच डोकं बाहेर काढलं. "रंजना, आत ये. तू नसलीस तर मी नाही काढणार."

मी गेले. हुक मी काढले, बाह्याही, त्यांचा डावा हात वर जात नाही ना. माझ्या हातात त्यांचा ब्लाउज, जोड लावलेला. गाठ वरून दिसते. लिंबाएवढी, काखेकडे. कातडी थोडी आत ओढलेली. काखेतही एक लहान. मला वाटलं होतं मी बघणार नाही, पण बघितलं. बाई छताकडे बघत होत्या.

"किती दिवस झाले?"

"दोन दिवाळ्या."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. नीट, हळूहळू बोलल्या. तपासल्याशिवाय काही म्हणता येत नाही, पण आता एक दिवसही घालवायचा नाही. वापीला जा, फोटो काढतील, सुईने तुकडा घेतील. निदान काय निघेल ते मग. बाईंनी विचारलं, "माघात लग्न आहे. त्यात उभी राहू शकेन का?" त्या म्हणाल्या, "रिपोर्ट येऊ दे. मग आपण तिघी बसून ठरवू."

आपण तिघी म्हणाल्या. बाईंना ते आवडलं. रिक्षात दोनदा म्हणून दाखवलं.

१४ डिसेंबर, रविवार

निकीचं दप्तर धुवायला काढलं तर खिशात निळ्या गोळ्या. सात! शाळेत दर सोमवारी देतात त्या रक्तवाढीच्या. तोंडात टाकल्यासारखं करायचं आणि खिशात. म्हणे मळमळतं, आणि सगळ्याच मुली कुंपणाबाहेर टाकतात.

ओरडणार होते. मग माझी लाल गोळी आठवली, कालची, जी मीही ताटाखाली ठेवली होती. मळमळतं खरंच.

आता असा करार: जेवण झाल्यावर मी तिच्यासमोर लाल घेणार, सोमवारी ती माझ्यासमोर निळी घेणार. घोट घेऊन जीभ दाखवायची. लिंबूपाणी वर. तिने मला विचारलं, सुमनबाईंना काय झालंय? मी खरं सांगितलं, जेवढं माहीत आहे तेवढं. तिने लिंबूपाण्याचा पेला विसळून ठेवला. मग म्हणाली, "मला पण कळेल का, मला झालं तर?" सिस्टरना विचारून तुला शिकवते म्हटलं. मला तरी कुठे येतं? आधी मीच शिकते.

१८ डिसेंबर, गुरुवार

वापी. चारोटी नाक्यावरून बस. बाईंनी नवीन रुमाल आणला होता, घट्ट धरून बसल्या. फोटो काढताना दाबतात ते दुखलं त्यांना, सुई नाही दुखली. पट्टी लावून बाहेर आल्या आणि पहिलं वाक्य: "तिथल्या गाऊनला काय शिलाई आहे! दोन्ही बाह्या वेगवेगळ्या. कोणी शिवला असेल?"

रिपोर्ट ३० तारखेला. प्रत्यक्ष येऊन घ्या म्हणाले.

माझ्या सोनोग्राफीत गर्भाशयाला गाठी निघाल्या, तीन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या जातीच्या गाठींना घाबरायचं नसतं, रक्त आधी वाढवू. मला एकदम हलकं वाटलं आणि लगेच लाज वाटली. माझ्या तीन असून मी सुटले, त्यांची एक.

बसमध्ये बाई झोपल्या माझ्या खांद्यावर. खूप हलक्या झाल्यात. मला भीती वाटते. कोणाला म्हटलेलं नाही, इथेच लिहितेय.

२९ डिसेंबर, सोमवार

उद्या सकाळी लवकर निघायचं म्हणून बाई आजच आल्या, मुक्कामाला. शेवंती घेऊन आली. तिचं बाळ गुबगुबीत झालंय, ताप कधीच गेला. जागृतीबेनने बाईंना खुर्ची दिली, वारा पण घातला, थंडीत! बाई म्हणाल्या, "मला नको, तुम्हाला हवा आहे तो."

चार वाजता दुकान रिकामं झालं. बाई उठल्या, आरशासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मापाचा ब्लाउज आणलेला नव्हता.

"घे माप."

मी पडदा ओढला. उंची, खांदा, पाठ. मग उजवं. मग डावं, जेवढा हात उचलता आला तेवढा उचलून, जेवढं हलक्या हाताने घेता आलं तेवढं घेतलं. बाई ताठ उभ्या, हनुवटी वर, जशा आम्हाला उभ्या करायच्या.

वहीत नवीन पान. सगळं पेनाने लिहिलं. डावीकडचा आकडा पेन्सिलने लिहिला.

बाई वाकून बघत होत्या. "तो पेन्सिलने का?"

मी म्हटलं, बदलायचं झालं तर.

"बदलेल तेव्हा नवीन पान घे. आजचं माप पेनाने लिही."

लिहिलं. मग त्यांनी वही ओढली, पुढच्या पानावर "रंजना" लिहिलं, आणि मला उभं केलं. माझं पान आज झालं, इतक्या वर्षांनी. दोन बाजूंत माझाही एक सूत फरक आहे.

आता बाई आत निकीबरोबर तांदूळ निवडतायत. निकी त्यांना विचारतेय, अंबाडा परत वाढवणार का? बाई म्हणतायत, बघू गं, उद्या विचारू या त्यांना.

मी हिरवं रेशीम टेबलावर घेतलं. दुसरं आणलंय, तोच रंग. लग्नाला चार आठवडे. दुमडलं, कात्री उचलली आणि थांबले. दुमडून कापलं तर दोन्ही बाजू एकदम कापल्या जातील. कापड उघडलं, एकेरी पसरलं. असं मी कधीच कापलेलं नाही. उजवा भाग कापला, आजच्या मापाचा. डाव्यावर खडूने रेघ मारली, रेघेबाहेर तीन इंच कापड सोडलं.

खडू हातातच होता. खाल्ला नाही. डब्यात ठेवला.

डावी बाजू अजून कापायची आहे, रिपोर्ट बघून. उद्या आठची बस, चारोटीवरून.